रविवारी बोट नसते

४ मार्च

अहो,

पाकीट बघून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. दारात पोस्टमन उभा राहिला की माणसाला आधी वाईटच सुचतं, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही विचारणार नाही, कारण तुम्ही हल्ली काहीच विचारत नाही. फोनवर मी बोलते, तुम्ही "हं" म्हणता. मग मी आणखी बोलते आणि तुमचा "हं" आणखी बारीक होतो. परवा मध्येच लाइन तुटली तरी मी कितीतरी वेळ बोलतच राहिले होते, मला फरकच कळला नाही. त्यापेक्षा कागद बरा. तो हं म्हणत नाही आणि त्याने म्हणावं अशी अपेक्षाही नसते.

कंपनीच्या वकिलांनी तुम्हाला बजावलंय की सुनावणी होईपर्यंत अपघाताबद्दल कुणाशी चकार शब्द काढायचा नाही. बरं. पण चिमणीच्या हलणाऱ्या दाताबद्दल बोलू नका, असं काही त्यांनी सांगितलं नसणार. तुम्ही पडलात सांगकामे. एक दार बंद करा म्हटलं की खिडक्याही लावून घेणारे.

दात पडला, बरं का. तिने तो तुमच्यासाठी काडेपेटीत जपून ठेवलाय. मी म्हटलं, बाबा आले की दाखव. तर म्हणते, "आले की? का आले तर?" नऊ वर्षांच्या पोरीला असं बोलायला कोण शिकवतं कोण जाणे. शिकवणारी या घरात मी एकटीच आहे म्हणा. वन्सं तर अगदी तुमच्याच बहीण शोभतात. शिलाईच्या दुकानात दिवसभर माझ्या शेजारी बसून कापड कापतात आणि संध्याकाळपर्यंत चार वाक्यं बोलल्या तर त्या दिवशी त्यांचा घसा बसतो.

मला काय आठवतं सांगू? लग्नानंतरचा पहिला आठवडा. मी म्हटलं, "दार लावून घ्या." तुम्ही म्हणालात, "दार लावून घेतो." मी म्हटलं, "उद्या लवकर उठायचंय." तुम्ही म्हणालात, "उद्या लवकर उठायचंय." मला वाटलं, हा माणूस माझी नक्कल करतोय. मी चांगली रुसून बसले. तेव्हा तुम्ही समजावलंत की जहाजावर असंच असतं. कप्तान हुकूम देतो आणि सुकाणी चाक फिरवायच्या आधी तोच हुकूम मोठ्याने परत म्हणतो, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. समुद्रावरचे कितीतरी अपघात लाटांमुळे होतच नाहीत, एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत न पोचल्यामुळे होतात, असं तुम्ही म्हणाला होतात. नव्या नवरीशी बोलायला केवढा गोड विषय!

आणि ते दूध. "अहो, दूध उतू चाललंय." "दूध उतू चाललंय," असं खणखणीत परत म्हणून तुम्ही पेपर वाचत बसायचात आणि दूध ओट्यावरून खाली. किती भांडले मी त्यावरून.

अपघातानंतर तुम्ही घरी आलात आणि मी म्हटलं, "चहा ठेवलाय." तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. चहा प्यायलात, कप विसळून ठेवलात, पण माझं वाक्य तसंच हवेत राहिलं. बातमी कळली तेव्हा मी घाबरले नव्हते इतकी त्या क्षणी घाबरले. नंतर एकदाच बोललात, खिडकीशी उभे राहून: "सगळ्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं." म्हणजे काय, असं मी विचारलं. "काही नाही," म्हणालात. आणि सुनावणीला अजून महिना असताना बॅग भरून त्या बंदरावरच्या खलाशांच्या वसतिगृहात जाऊन राहिलात. बोटीने अर्ध्या दिवसावर, पण मला ते चंद्रावर वाटतं.

रोज दार लावताना मी म्हणते, "दार लावते हं." आणि थांबते. इतकंच लिहायचं होतं.

उत्तर नाही दिलंत तरी मी लिहिणार आहे. तुम्हाला माहीतच आहे मी कशी आहे ते.

तुमची


११ मार्च

अहो,

उत्तर नाही. ठीक आहे. मी काही मोजत बसलेली नाही.

इकडे थंडी परत फिरून आलीय. तुमच्या बंदरावर तर वारा अंगात घुसत असणार. आणि तुम्ही निळा स्वेटर न्यायला विसरलात. विसरलात असं मी वन्संना सांगते. तो कपाटावरच्या पिशवीत आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी खुर्चीवर चढून मी ती पिशवी बघितली आणि तशीच उतरले. दोन हिवाळे लावून विणलेला स्वेटर, कोपरं दोनदा उसवून पुन्हा घातलेला, तो माणूस ठेवून जातो तेव्हा त्याला थंडी वाजत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. मी पिशवी उघडलेली नाही. उघडणारही नाही. जिथे ठेवलीत तिथेच राहू दे.

हे असं लिहायचं नव्हतं. खोडते म्हटलं तर कागद घाण होईल.

चिमणीने कप्तानसाहेबांची दुर्बीण काढलीय. ती झाली तेव्हा त्यांनी पाठवली होती, आठवतं? तान्ह्या पोरीला लोक झबली देतात, दुपटी देतात. या माणसाने दुर्बीण पाठवली, वर चिठ्ठी, "हिला लांबचं दिसू दे." आपण किती हसलो होतो. आणि तुम्ही ती चिठ्ठी पाकिटात घालून कितीतरी वर्षं फिरवलीत. मला कळतं हो. वडील गेल्यावर ज्या माणसाने हात धरून जहाजावर चढवलं, रात्र रात्र नकाशे शिकवले, परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतःच्या खोलीत झोपू दिलं, त्या माणसाबद्दल मी वेडंवाकडं बोलणार नाही. वाईट माणूस असता तर सगळं किती सोपं झालं असतं.

तर चिमणी गच्चीवरून दुर्बिणीने बंदर बघते आणि मोठ्याने सांगते, "एक जहाज येतंय, तांबडं." मी खालून म्हणाले, "एक जहाज येतंय, तांबडं." तोंडातून निघूनच गेलं. ती जिना उतरून खाली आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तू नको म्हणूस. ते बाबांचं आहे."

मला तुमची फार आठवण येते. नुसती आठवण नाही, राग राग येतो इतकी येते. तुमच्या बाजूची उशी मी मशिनच्या खुर्चीवर टाकलीय, म्हणजे निदान उपयोगात तरी राहील. पाठीला बरी पडते.

दाताची काडेपेटी चिमणीने दुकानातल्या बटणांच्या डब्यात ठेवलीय. चुकून कुणाच्या शर्टाला लागला नाही म्हणजे मिळवली.

तुमचीच


१९ मार्च

अहो,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. दोनदा फाडलं.

तुमच्या जहाजावरचा सुकाणी दुकानात आला होता.

म्हणजे तो मला भेटायला आला नव्हता. त्याला पांढरा शर्ट शिवायचाय, सुनावणीला घालायला. आहेत ते सगळे ढगळ होतात म्हणाला. आणि खरंच होत असणार. मागे तुमच्याबरोबर घरी आला होता तेव्हा दारातून आडवा आत यायचा माणूस. आता कॉलरमध्ये दोन माना मावतील. पायरीवर चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, दुसरीकडे जाणार होतो. मग म्हटलं, तसं केलं तर तुम्हालाच वाईट वाटेल." मी म्हटलं, "बरं केलंत. दुसरीकडे गेला असतात तर भांडायलाच आले असते." तो हसला. हसल्यावर आणखीच बारीक दिसला.

मी मापं घेतली. अहो, तो तसाच आहे, तुमच्यासारखाच. मी म्हटलं, "खांदा साडेसतरा." वन्सं भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहिणार, त्याच्या आधी हाच म्हणतो, "खांदा साडेसतरा." मी म्हटलं, "छाती अडतीस." हा म्हणतो, "छाती अडतीस." ताठ उभा, नजर समोर भिंतीवर. मला बोलवेना. डोळे भरून आले. तुम्हाला सांगते, इतक्या दिवसांनी कुणीतरी माझं वाक्य उचललं होतं, आणि ते तुम्ही नव्हतात. उरलेली मापं भराभर, मोठ्या आवाजात सांगून टाकली.

मग तो बसला. चहा घेतला. तुमची चौकशी केली, "साहेब झोपतात का?" मला माहीत नाही, असं मी सांगितलं. खरंच माहीत नाही.

मीच विषय काढला. तुमच्या वकिलांनी तुमचं तोंड बंद केलंय, माझं नाही. मी जेवढं विचारलं तेवढंच त्याने सांगितलं, एक शब्द जास्त नाही. बंदरात शिरताना वाट उजवीकडे वळते. जहाज डावीकडे गेलं आणि दगडी बांधावर आपटलं. पुढच्या टोकाला नांगरापाशी खलाशांचा मुकादम, तांडेल, उभा होता, तो गेला. कप्तानसाहेब म्हणतात, त्यांनी "उजवीकडे वीस" असा हुकूम दिला. सुकाणी म्हणतो, "डावीकडे वीस" असा दिला, त्याने तोच परत म्हटला आणि चाक डावीकडे फिरवलं. जहाज लहान, बोलणं टिपून ठेवणारं यंत्र त्याच्यावर नाही. चाकाच्या खोलीत तिसरा माणूस एकच होता, तुम्ही.

एवढं सांगून तो थांबला. मी विचारलं, "मग ते काय म्हणाले?"

तो कपात बघत म्हणाला, "साहेबांनी लिहून दिलंय की नक्की आठवत नाही. नसेल आठवत वहिनी. त्या वेळी कुणाचं डोकं ठिकाणावर होतं?"

आठवत नाही!

आपल्या लग्नात कोणत्या मावशीने कोणता डबा दिला आणि त्याच्या झाकणाला कुठे पोचा होता, ते तुम्हाला आठवतं. चिमणीचं पहिलं पाऊल कुठल्या फरशीवर पडलं ते आठवतं. मी नऊ वर्षांपूर्वी कुठल्या भांडणात काय म्हणाले होते ते तर शब्दाशब्दाने आठवतं. आणि हे आठवत नाही?

त्याला कुणी पुन्हा चाकाला हात लावू देणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला दुसरं काही येत नाही, हेही माहीत आहे. पण तो जाताना काय म्हणाला ते ऐका. "साहेबांवर रागावू नका. कप्तानसाहेबांच्या विरुद्ध बोलणं म्हणजे त्यांच्यासाठी बापाच्या विरुद्ध बोलणं आहे." ज्याच्या मानेवर सुरी आहे तोच तुमची बाजू घेत होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून मशिनशी उभी होते.

मला त्या दिवशी तुमची आठवण आली नाही. पहिलाच दिवस असा. संध्याकाळी आली, पण ती तुमची नव्हती. आधीच्या तुमची होती.

शर्ट सोमवारी द्यायचाय.


२५ मार्च

अहो,

मागच्या पत्रात मी फार टाकून बोलले. परत घेत नाही. पण एक गोष्ट घडलीय आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. नीट वाचा.

सुकाणी शर्ट न्यायला आला. घालून बघा म्हटलं. त्याने घातला. गळा बरोबर, खांदा बरोबर, छातीला अगदी बेतशीर. आणि बाह्या मनगटाच्या कितीतरी वर. धाकट्या भावाचा शर्ट घातल्यासारखं ध्यान दिसायला लागलं. तो हात पुढे करून उभा, मी बघतेय, वन्सं बघताहेत. मी पाटीकडे बघितलं. बाही एकवीस. त्याच्या हाताला टेप लावली. चोवीस.

मी आधी वन्संवर ओरडले. म्हटलं, "एकवीस काय लिहिलंत?" वन्सं म्हणाल्या, "तू एकवीस म्हणालीस." मी म्हटलं, "शक्यच नाही." तेवढ्यात सुकाणी हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही एकवीसच म्हणालात. मीही परत म्हटलं. बाही एकवीस."

आणि मला आठवलं. त्याच्या आधी एका कॉलेजच्या मुलीच्या ब्लेझरचं माप घेतलं होतं, तिची बाही एकवीस. त्या दिवशी माझे डोळे भरले होते, तोंडाला आधीचाच आकडा चिकटून राहिला. बोट टेपवर चोवीसवर होतं आणि मी म्हणाले एकवीस. ठणठणीत आवाजात. त्याने परत म्हटलं, वन्संनी लिहिलं, तिन्ही ठिकाणी तेच आलं. मग कापडाने काय करायचं? कापलं गेलं.

मी त्याला विचारलं, "अहो, तुमचाच हात ना? तुम्हाला कळलं नाही?" तो म्हणाला, "मी समोर बघत होतो. माप बघायचं काम तुमचं. माझं काम बरोबर ऐकायचं."

मग मी वन्संकडे वळले. त्या पाटी पुसत होत्या, पुसून झाली तरी पुसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला टेप दिसत होती. चोवीस दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या ठामपणे म्हणालीस. त्यांनीही तेच म्हटलं. मला वाटलं, दोघं म्हणतायत तर माझंच बघणं चुकलं असेल."

अहो, मी खाली बसले. कातरणांच्या ढिगावर. मला तुमचं ते खिडकीतलं वाक्य ऐकू आलं. सगळ्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं. इतके दिवस मी ते डोक्यात फिरवत होते आणि मला वाटत होतं की तुम्ही काहीतरी झाकताय. तुम्ही तर उघड सांगत होतात! हुकूम चुकीचा होता आणि तो अगदी बरोबर ऐकला गेला. बरोबर परत म्हटला गेला. तुम्ही तिथे उभे होतात आणि दोन आवाज सारखे आले म्हणून तुमच्या मनाला बरं वाटलं. आयुष्यभर तुम्हाला तेच शिकवलं होतं, की सारखं आलं म्हणजे झालं. कप्तानसाहेबांचं चुकेल असं तुमच्या मनाला शिवलंच नसेल, जसं वन्संच्या मनाला माझं चुकेल असं शिवलं नाही. आणि शिवलं असेल तरी किती वेळ होता हातात.

मी तुम्हाला डरपोक समजत होते. आता तसं वाटत नाही. आता वाटतं की त्या क्षणी तुम्ही गप्प राहिलात तो तुमचा एकट्याचा दोष नव्हता. पण आजही गप्प राहाल तर तो मात्र एकट्याचा असेल. वन्संनी पाटी पुसताना कबूल केलं ना? त्यांना मला घाबरून राहायला तुमच्याहून जास्त कारणं आहेत. त्या रोज माझ्या हाताखाली काम करतात.

कप्तानसाहेबांना वाचवायचं असेल तर वाचवा. पण खोटं बोलून माणूस वाचत नाही, तो आणखी एकटा पडतो. कदाचित त्यांना स्वतःलाही खरंच वाटत असेल की त्यांनी उजवीकडेच म्हटलं. मलाही खात्री होती की मी चोवीसच म्हटलं. मला दोन माणसांनी सांगितलं तेव्हा पटलं. त्यांना सांगणारं कोण आहे?

कंपनीने घरी बसवलं तर बसा. काजं करायला आणि बटणं लावायला मला माणूस हवाच आहे. पगार नाही, चहा दोनदा.

सुकाण्याचा शर्ट मी पुन्हा शिवतेय, नव्या कापडाचा. वन्संनी आज पहिल्यांदा स्वतः टेप हातात घेऊन माझ्यामागून माप तपासलं. मला आधी राग आला. मग गंमत वाटली.

आता माझं ठरलं. सुनावणी दोन तारखेला आहे. त्यानंतर तेरा तारखेच्या रविवारी सकाळच्या बोटीने मी तिकडे येते, चिमणीला घेऊन. धक्क्यावर उभे राहा. तुम्ही काय सांगितलंत आणि काय नाही, ते तुमच्या तोंडूनच ऐकीन. काहीही असलं तरी ऐकीन. पण मला "हं" नको. मला आता नुसतं माझंच वाक्य परत आलेलंही नको, जरी त्याच्यासाठी मी जीव टाकत असले तरी. मी चुकत असेन तर चुकतेय म्हणा.

वाट बघते.

तुमची


२६ मार्च

अहो,

हे पत्र मी टाकणार नाहीये. तरीही लिहितेय, कारण कुणाला तरी सांगायला हवं आणि मला सवय तुमची.

कालचं पत्र टपालात पडलं. दुकानात येऊन मी ऐटीत वन्संना सांगितलं, "तेरा तारखेला रविवार आहे, सकाळच्या बोटीने जाणार." वन्सं कात्री चालवत होत्या. थांबल्या. कात्री खाली ठेवली. मला वाटलं, काही दुखतंय की काय. तर म्हणाल्या, "रविवारी बोट नसते."

मी म्हटलं, "असते हो, मी स्वतः विचारलंय."

"नसते," वन्सं म्हणाल्या. "मी धक्क्यावरची पाटी वाचली आहे. तुझं चुकतंय."

बघा! तुमच्या बहिणीने मला तोंडावर सांगितलं, तुझं चुकतंय. आणि छत काही कोसळलं नाही. मी धक्क्यावर जाऊन पाहून आले. खरंच रविवारी बोट नसते.

आता धावत घरी यायचं, दुसरं पत्र लिहायचं, चूक दुरुस्त करायची. निदान फोन तरी करायचा. शाई काढली, पेन भरलं आणि हात थांबला.

तुम्ही त्या बंदरावर रोज बोटी बघत बसता. कुठली कधी येते, कुठली येत नाही, हे तुम्हाला झोपेतही माहीत असणार. माझं पत्र वाचाल तेव्हा पहिल्याच वाचनात कळेल की मी चुकीचं लिहिलंय. मग तुम्ही काय कराल? "ठीक" म्हणून कळवाल आणि रविवारी रिकाम्या धक्क्यावर जाऊन उभे राहाल? तसं केलंत तर सुनावणीत काय बोललात ते मला विचारायची गरजच उरणार नाही. काहीच कळवलं नाहीत, तरीही.

हे कपट आहे का? असेल. पण मुद्दाम चुकले नव्हते, एवढं देवाशपथ खरं. आता फक्त चूक दुरुस्त करत नाहीये.

चिमणी विचारते, बाबांचं उत्तर कधी येईल. मी सांगते, येईल. ती म्हणते, "येईल." मग दोघी बटणं निवडायला बसतो.

मला तुम्ही हवे आहात. तुम्ही म्हणजे तो पेपरमागून मान न वर करता "दूध उतू चाललंय" म्हणणारा माणूस, फक्त एकदा उठून गॅस बंद करणारा. एवढंच मागणं आहे माझं. जास्त आहे का?

हे पत्र बटणांच्या डब्यात ठेवते, दाताशेजारी.


३ एप्रिल

प्रिय,

रविवारी बोट नसते. तुझं चुकतंय. शनिवारी दुपारची बोट घे. सकाळची घेऊ नकोस, ती मालाची असते, चिमणीला बसायला जागा मिळणार नाही.

पत्र आलं त्या दिवसापासून हे लिहायचं होतं. पण आधी दुसरीकडे बोलायचं होतं. ते झाल्यावर लिहावं असं ठरवलं.

काल सुनावणी झाली. कप्तानसाहेब समोर बसले होते. मला विचारलं, हुकूम काय होता. मी सांगितलं, डावीकडे वीस. सुकाण्याने तोच परत म्हटला. मग विचारलं, तुमच्या काही लक्षात आलं होतं का. मी म्हटलं, हो. कप्तानसाहेबांचा हात उजवीकडे होता. ते हाताने उजवीकडे दाखवत होते आणि तोंडाने डावीकडे म्हणत होते. मी हात पाहिला होता. दोन आवाज सारखे आले म्हणून हातावर विश्वास ठेवला नाही. हे मी आधी लिहून दिलं नव्हतं, तेही सांगितलं. त्याचं जे व्हायचं ते होईल.

कप्तानसाहेब स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. बाहेर आल्यावर ते माझ्यापाशी आले. मला वाटलं, निघून जातील. त्यांनी विचारलं, "खरंच उजवीकडे होता?" मी म्हटलं, "होता, साहेब." ते म्हणाले, "त्याच वेळी म्हणाला असतास तर." रागावून नाही म्हणाले. मग आम्ही दोघं बराच वेळ बाकावर बसलो होतो. तांडेलाबद्दल बोललो.

सुकाण्याचा शर्ट छान बसला होता. बाह्या बरोबर होत्या. त्याने मला मुद्दाम दाखवल्या.

चिमणीला सांग, दात बटणांच्या डब्यातून काढून ठेव. ताईला सांग, तिने टेप हातात घेतल्याचं वाचून मी हसलो.

हे वाचून मला परत लिही: शनिवार, दुपारची. आणि यात काही चुकलं असेल तर तेही लिही.

आणखी एक. तू पुन्हा खुर्चीवर चढू नयेस म्हणून सांगतो. कपाटावरच्या पिशवीत जुनी चादर आहे. स्वेटर मी पहिल्या दिवसापासून अंगात घातलाय.